रोजकीर्द

पहिल्या वेळी डॉक्टरांनी माझ्या धाकट्या भावाला विचारलं, "आंघोळ स्वतःची स्वतः करतोस का?"

"हो," तो म्हणाला.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "हो, करतो ना."

खोटं आमच्यापैकी कुणीच बोललं नव्हतं. आंघोळ तोच करतो. त्याआधी आई सकाळी सातला पाणी तापवते. ते निवतं. साडेनऊला परत तापवते. टॉवेल आणि कपडे मोरीच्या दाराच्या कडीला अडकवते, चार हाका मारते, मग थांबते, कारण पाचव्या हाकेला तो उठून बाहेर निघून जातो. कधी मोरीच्या उंबऱ्यापर्यंत येतो, तांब्या हातात घेतो आणि तसाच उभा राहतो. कधी त्याच दिवशी आंघोळ होते, कधी तिसऱ्या दिवशी. एका श्रावणात अकराव्या दिवशी झाली. हे सगळं माझ्या त्या एका 'ना'च्या पोटात होतं आणि मी ते पोटातच ठेवलं.

ही गोष्ट नोव्हेंबर २०२२ची. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डापुढे आम्ही पाच-सात मिनिटं असू. पुढे पोस्टाने कार्ड आलं, पांढऱ्या पट्टीचं. पांढरी पट्टी म्हणजे दिव्यांगत्व ४० टक्क्यांच्या खाली. ४० ते ८० टक्क्यांना पिवळी, त्याच्या वर निळी. आम्ही अपील केलं, ते फेटाळलं गेलं. गेल्या वर्षी पहिल्यापासून पुन्हा अर्ज केला. मला सांगायचंय ते या दुसऱ्या अर्जाबद्दल, पण आधीच्या दोन वेळा काय झालं ते कळल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

धाकटा २१ वर्षांचा असताना आयटीआयला इलेक्ट्रिशियनच्या दुसऱ्या वर्षाला होता. हुशार होता. घरातली सगळी वायरिंग त्याने केली, अजून एकही जोड सुटलेला नाही. त्या वर्षी पावसाळ्यात तो रात्री मीटरची पेटी उघडून बसायला लागला. त्यातून त्याच्याबद्दल कुणी बोलतंय, असं म्हणायचा. आप्पा तेव्हा होते, बाजार समितीत हमाली करायचे. त्यांना वाटलं पोराला झोप कमी पडतेय. आईला वाटलं बाहेरचं आहे. दीड वर्ष देवऋषी आणि नवस यांत गेलं. 'स्किझोफ्रेनिया' हा शब्द पहिल्यांदा आम्हाला एका तरुण डॉक्टरने सांगितला, आणि तो उच्चारता येत नाही म्हणून आई अजूनही 'त्याचं ते' असंच म्हणते.

तेव्हापासून आमच्या घराने एक काम अगदी मन लावून केलं. धाकटा बरा आहे असं दाखवायचं. 'सध्या नोकरी बघतोय.' 'त्याला गर्दी आवडत नाही.' 'रात्री जागून अभ्यास करतो, म्हणून सकाळी उशीर होतो.' माझ्या लग्नाच्या बोलणीत त्याला मामाच्या गावी पाठवला होता. लग्नानंतर दोन वर्षं मी सासरी काही बोलले नाही. नवऱ्याला कळलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "आधी सांगितलं असतंस तर मीही आलो असतो ना दवाखान्यात." ते ऐकून बरं वाटायला हवं होतं, पण मला त्या दिवशी रडू आलं. इतकी वर्षं जे लपवायला एवढे कष्ट घेतले, ते लपवायची गरज सगळीकडेच नव्हती, हे कळायला फार वेळ लागला.

तर अशा घरातली माणसं बोर्डापुढे जाऊन बसतात. जायच्या दिवशी आईने त्याला नवा शर्ट घातला. मी दाढी करून आणली, केसांना तेल लावलं. "डॉक्टर विचारतील तेवढ्याचंच उत्तर दे, नीट बोल," असं बसमध्ये दोनदा बजावलं. एखाद्या मुलाखतीला न्यावं तसं नेलं आम्ही त्याला. आणि तो खरोखर नीट वागला. त्या पाच-सात मिनिटांसाठी त्याने किती बळ एकवटलं होतं ते घरी आल्यावर दिसलं. तीन दिवस तो भिंतीकडे तोंड करून पडून होता. बोर्डाला ते तीन दिवस दिसले नाहीत. दिसणार कसे?

मानसिक आजाराची टक्केवारी कशी काढतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत असायला हवं होतं. 'आयडियाज' नावाची एक पद्धत आहे, मानसोपचारतज्ज्ञांच्या भारतातल्या संघटनेने तयार केलेली. तिच्यात चार गोष्टी बघतात. स्वतःची निगा, माणसांशी वागणं, बोलणं आणि समजणं, आणि काम. प्रत्येकाला ० ते ४ गुण. आजार किती काळाचा आहे त्याचे आणखी, जास्तीत जास्त ४. सगळे मिळून २०. बेरीज ७ झाली की माणूस ४० टक्क्यांत येतो, १४ झाली की ७०च्या पुढे जातो. गुण जितके जास्त तितका त्रास जास्त. आम्ही मात्र त्याला चांगला दाखवायला गेलो होतो.

त्याला ६ मिळाले.

४०च्या वर आणि खाली यांत काय फरक पडतो, ते ज्याच्या घरात असा माणूस नाही त्याला सहज लक्षात येत नाही. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. १९९५च्या जुन्या कायद्यात ७ होते, आणि मानसिक आजार त्या सातांतही होता. म्हणजे कायद्याने त्याला तीस वर्षांपूर्वीच मोजलेलं आहे. पण बहुतेक योजनांचं दार ४० टक्क्यांनाच उघडतं. एसटीत ७५ टक्के सवलत ४०ला. नगरपरिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो, तिथेही आधी कार्ड बघतात. आणि आमच्यासाठी सगळ्यात मोठी संजय गांधी निराधार अनुदान योजना. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा महिन्याला १,००० रुपये होते, २०२३ला १,५०० झाले, आणि ऑक्टोबर २०२५पासून दिव्यांगांना २,५००. आमच्याकडे त्याला 'निराधारचा पगार' म्हणतात. केंद्राचं दिव्यांग निवृत्तिवेतनही आहे, पण त्याला ८० टक्के लागतात आणि दारिद्र्यरेषेखालच्या यादीत नाव लागतं. तो विचार आम्ही केलाच नाही.

आप्पा गेल्यावर घरात आईची कमाई. ती विड्या वळायची. मांडीवर सूप, त्यात पानं आणि तंबाखू, डाव्या हाताला दोऱ्याचं रीळ. आता तिची बोटं वाकडी झालीत, हजार विड्या होत नाहीत. मी एका पतसंस्थेत लेखनिक आहे, महिन्याला जे जमेल ते देते. औषधं सरकारी दवाखान्यात मिळतात, पण साठा संपला की बाहेरून घ्यावी लागतात. क्लोझापीन सुरू केलं तेव्हा पहिले काही महिने दर आठवड्याला रक्त तपासावं लागायचं, पांढऱ्या पेशी कमी होत नाहीत ना हे बघायला. प्रत्येक वेळी जायचं-यायचं एसटीचं भाडं, दोघांचं. एवढ्याशा आकड्यांवर आमचा महिना उभा असतो.

अपिलाचं सांगते. कायद्याच्या कलम ५९मध्ये अपिलाची सोय आहे. बोर्डाचा निर्णय मान्य नसेल तर वरच्या अधिकाऱ्याकडे दाद मागता येते. मी रात्री बसून चार पानी अर्ज लिहिला. माझं अक्षर चांगलं आहे, भाषाही बरी आहे, आणि राग होता. आम्हाला फक्त पाच मिनिटं दिली. रांगेत चार तास उभं केलं. आईला बसायला जागा नव्हती. डॉक्टर बोलताना मान वर करत नव्हते. प्रत्येक वाक्य खरं होतं. मोठ्या रुग्णालयातल्या मंडळापुढे आम्ही पुन्हा गेलो, पुन्हा धाकट्याला नवा शर्ट घातला. सात-आठ आठवड्यांनी पत्र आलं. पूर्वीची टक्केवारी कायम.

त्या पत्रावर मी फार दिवस चिडून होते. मग एकदा कपाट आवरताना त्या अर्जाची झेरॉक्स हाती आली आणि उभ्या उभ्या वाचली. चार पानांत धाकट्याबद्दल दोन ओळी होत्या. 'माझा भाऊ अनेक वर्षांपासून आजारी असून त्याला फार त्रास होतो.' बाकी सगळं आमच्याबद्दल आणि त्यांच्याबद्दल. आमचा अपमान, त्यांची घाई. मंडळाने समोरचे कागद बघितले. त्या कागदांत पहिल्या वेळेपेक्षा नवीन काहीच नव्हतं. त्यांच्या जागी मी असते तर मीही दुसरं काय लिहिलं असतं?

रांगेत चार तास उभं राहावं लागणं बरोबर होतं, असं मी म्हणत नाही. ज्याला गर्दीत आवाज ऐकू येतात त्याला चार तास गर्दीत उभं करून मग 'तुला काय होतं' असं विचारणं चूकच आहे, आणि हे मी कुणालाही तोंडावर सांगेन. पण ती तक्रार वेगळ्या कागदावर जायला हवी होती. धाकट्याच्या कागदावर धाकटा हवा होता.

ही गोष्ट माझ्या आपोआप लक्षात आली नाही. दवाखान्यात एक समाजसेवा अधीक्षक होत्या, नव्याने बदलून आलेल्या. मी औषधं घ्यायला गेले असताना त्यांनी केसपेपर बघून विचारलं, "सर्टिफिकेट आहे का?" मी सगळी कहाणी सांगितली. त्यांनी ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "अपील संपलं, ठीक आहे. पण माणूस काही संपलेला नाही ना. त्याची आजची स्थिती घेऊन नव्याने अर्ज करा. फक्त या वेळी 'त्रास होतो' असं लिहू नका. काल काय झालं ते लिहा. परवा काय झालं ते लिहा."

मी त्यांना म्हटलं, "आमच्याकडे रोज तेच असतं, लिहिण्यासारखं काय आहे?"

"रोज तेच असतं ना, तेच लिहा."

पतसंस्थेत मी एकोणीस वर्षं रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमा-खर्चाची वही, लिहितेय. आता संगणकावर होते, पण मी शिकले ती लाल कापडी पुठ्ठ्याच्या जाड वहीवर. डाव्या बाजूला जमा, उजव्या बाजूला नावे. सुरुवातीची शिल्लक, अखेरची शिल्लक. आमचे जुने व्यवस्थापक सांगायचे, ज्याचं व्हाउचर नाही त्याची नोंद नाही, आणि ज्याची नोंद नाही ते झालंच नाही असं धरून चाला. दिवस संपायच्या आत रोजकीर्द बंद व्हायला हवी, उद्यावर टाकली की चुकते. त्या बाईंचं बोलणं ऐकून बसस्टँडवर येईपर्यंत माझ्या डोक्यात तेच घोळत होतं. एकोणीस वर्षं परक्यांचे पैसे मी रोजच्या रोज लिहिले आणि सख्ख्या भावाचा एकही दिवस लिहिला नाही.

येताना शंभर पानी वही घेतली.

रोज संध्याकाळी ऑफिसातून सुटल्यावर माहेरी जाऊन आईला विचारायचं आणि लिहायचं. पहिले आठ दिवस आई काही सांगेचना. "बरा होता." "जेवला." "काही नाही, नेहमीचंच." मग मी प्रश्न बदलले. किती वेळा हाक मारलीस? जेवण किती वाजता वाढलंस, किती वाजता खाल्लं? आज कुणाशी बोलला? रात्री किती वाजता दिवा बंद झाला? हळूहळू ती बोलायला लागली आणि बोलायला लागल्यावर थांबेना. त्या वहीतल्या काही नोंदी इथे लिहिते, त्याला विचारून.

'मंगळवार. पाणी तीनदा तापवलं. आंघोळ नाही. दुपारी ताट वाढलं, भाजीत काहीतरी आहे म्हणाला. आईने त्याच्यासमोर एक घास खाल्ला, मग खाल्लं.'

'शुक्रवार. सकाळी अकरापर्यंत झोप. उशी पूर्ण ओली (औषधाने लाळ येते), अभ्रा बदलला. संध्याकाळी दुकानात साखर आणायला पाठवला, अर्ध्या रस्त्यातून परत आला.'

'रविवार. आत्या आली. तो माडीवर गेला, ती जाईपर्यंत साडेचार तास खाली आला नाही. लघवीलाही नाही.'

'बुधवार. चांगला दिवस. पंख्याचा कपॅसिटर बदलला. शेजारच्यांचा मिक्सर बघून दिला. आंघोळ झाली.'

ही शेवटची नोंद लिहावी की नाही यावर मी बराच वेळ अडले होते. वाटलं, बोर्डाने हेच वाचलं तर? मग व्यवस्थापकांचं आठवलं. जमेची बाजू लपवली की वही खोटी होते आणि मग नावेची बाजूही कुणी खरी मानत नाही. लिहिली. चार महिन्यांत असे चांगले दिवस अकरा निघाले.

वही भरत असताना दुसरे कागद गोळा केले. आईने केसपेपरांची एक पिशवी दिवाळीच्या आवराआवरीत रद्दीत घातली होती. तिला मी रागावले नाही, तिला ती पिशवी घरात नकोच होती. मानसिक आरोग्य सेवेच्या २०१७च्या कायद्यात, कलम २५मध्ये, रुग्णाला आपल्या उपचारांची कागदपत्रं मिळण्याचा हक्क दिलेला आहे. धाकट्याच्या सहीने अर्ज दिला. दोन ठिकाणांहून नोंदींच्या प्रती मिळाल्या, एका ठिकाणी रजिस्टर भिजलं होतं. जेवढं मिळालं तेवढं तारखेने लावलं.

कामाचा पुरावा मिळवणं सगळ्यात अवघड गेलं. तो तीन ठिकाणी कामाला राहिला होता. मोबाइलच्या दुकानात अकरा दिवस, एका वायरमनकडे महिनाभर, आणि पिठाच्या गिरणीत तीन आठवडे. गिरणीवाले काका आप्पांचे मित्र. मी त्यांना म्हटलं, तो का टिकला नाही ते साध्या कागदावर लिहून द्या. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. गिरणी बंद केली, हात झटकले, आणि म्हणाले, "मी लिहून दिलं आणि ते कुणी वाचलं, तर पोराला परत कुणी कामावर घेणार नाही गं." यावर मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही. आजार लपवला तर मदत नाही आणि उघड केला तर काम नाही, अशी ही अडवणूक आहे आणि ती आमच्यासारख्या प्रत्येक घरात आहे. दोन दिवसांनी त्यांनी स्वतः कागद आणून दिला. 'सदर मुलगा प्रामाणिक आहे. दळण घ्यायला बायका आल्या की आतल्या खोलीत जात असे. दोन वेळा पट्टा चालू असताना काम सोडून निघून गेला. इजा होईल या भीतीने मी बंद केले.' पहिलं वाक्य त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

याच काळात एकदा मी पुण्याला स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनच्या नातेवाइकांच्या बैठकीला जाऊन आले. एका खोलीत पंचवीस-तीस माणसं तो शब्द मोठ्याने, अगदी साध्या आवाजात उच्चारत होती. 'शुगर' म्हणावं तसं. बसमध्ये परत येताना मी खिडकीकडे तोंड करून तो शब्द पुटपुटत होते.

पण एक गोष्ट राहिलीच होती. वही त्याच्याबद्दल होती आणि त्याला माहीत नव्हती. बोर्डापुढे मी हे सगळं वाचून दाखवणार, त्याच्यासमोर. आंघोळीचं, उशीचं, लघवीचं. ३५ वर्षांच्या माणसाला ते कसं वाटेल? आईचं म्हणणं, त्याला बाहेर बसवू. मला ते पटत नव्हतं. एका रविवारी मी वही त्याच्या पलंगावर ठेवली आणि म्हटलं, "मी तुझ्याबद्दल हे लिहिलंय. वाच. नको असेल ते खोड."

तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

तिसऱ्या दिवशी वही परत मिळाली. एकही ओळ खोडलेली नव्हती. एका नोंदीत त्याने तारीख दुरुस्त केली होती, माझी चुकली होती. आणि आंघोळीच्या पहिल्या नोंदीशेजारी, समासात, आयटीआयच्या जर्नलमध्ये लिहायचा तशा सुटसुटीत अक्षरात पेन्सिलीने लिहिलं होतं, 'पाणी पडायला लागलं की त्याच्या आवाजात ते बोलतात. पाणी थांबलं की थांबतात.'

पंधरा वर्षांत हे आम्ही त्याला विचारलं नव्हतं. 'आळस करू नकोस' म्हणालो होतो, 'वास येतो' म्हणालो होतो, आई तर एकदा पाया पडली होती. तो का थांबतो तिथे उंबऱ्यावर, तांब्या हातात घेऊन, हे कुणी विचारलं नाही. ती ओळ मी आईला वाचून दाखवली. ती पदर तोंडाला लावून बराच वेळ चुलीपाशी बसून राहिली.

नव्या अर्जाच्या वेळी ऑनलाइन भाग सेतूतल्या मुलाने वीस मिनिटांत उरकला. तारीख ऑगस्टची मिळाली. या वेळी नवा शर्ट नाही. त्याला विचारलं, काय घालतोस? त्याने नेहमीचा निळा घातला, कॉलर विरलेला. मी त्याला सांगितलं, "तू तुझं सांग, मी माझं सांगेन. दोघांचं वेगळं आलं तरी चालेल." गर्दी टाळायला सकाळी सातलाच पोचलो. आमच्या पुढे एक आजोबा होते, दोन्ही पाय गुडघ्याखाली नव्हते. ते धाकट्याला म्हणाले, "तुला काय झालंय बाळा, धडधाकट दिसतोस." धाकटा म्हणाला, "दिसत नाही ते झालंय."

डॉक्टर या वेळी दुसरे होते. तोच प्रश्न विचारला, आंघोळ करतोस का. धाकटा म्हणाला, "करतो." मी म्हणाले, "करतो. मागच्या चार महिन्यांत सव्वीस वेळा केली. तारखा आहेत." आणि वही पुढे सरकवली. डॉक्टरांनी पानं उलटली. समासातली पेन्सिलीची ओळ वाचून ते थांबले आणि त्याला विचारलं, "हे तू लिहिलंस?" पुढची दहा मिनिटं ते त्याच्याशीच बोलले, पाण्याबद्दल, आवाजांबद्दल. मग त्याला बाहेर बसवून माझ्याशी बोलले. सांभाळणाऱ्या माणसाला विचारून गुण द्यायचे, हे त्या पद्धतीत आहेच. मला वाटतं पहिल्या वेळच्या डॉक्टरांनीही मला विचारलंच होतं. मीच सांगितलं नव्हतं.

ऑक्टोबरमध्ये पिवळ्या पट्टीचं कार्ड आलं. प्रमाणपत्र तात्पुरतं आहे, मुदत संपली की पुन्हा तपासणी.

त्यानंतर निराधारची फाईल. रहिवासाचा १५ वर्षांचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला, आधार जोडलेलं बँक खातं. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५०,००० रुपये आहे, म्हणजे महिन्याला ४,१६६. एवढ्यात दोन माणसं कशी जगतात ते ठरवणाऱ्याने एकदा हिशोब करून बघावा. मला हिशोब येतो, मी केलाय, बसत नाही. मर्यादा वाढायला हवी, हे माझं स्पष्ट मत आहे.

अर्जावर सही करायच्या वेळी धाकटा अडला. वर योजनेचं नाव छापलेलं होतं. तो म्हणाला, "ताई, मी निराधार नाही. आई आहे. तू आहेस." मी म्हटलं, नाव योजनेचं आहे, तुझं नाही. तो म्हणाला, "सही माझी आहे ना खाली." पेन ठेवून उठून गेला. मी जबरदस्ती केली नाही. तहसीलला जायचा तो दिवस वाया गेला. त्या आठवड्यात दवाखान्यात औषध संपलेलं होतं. आईने आपल्या पिशवीतून पैसे काढून बाहेरून आणलं आणि तिचा चष्मा दुरुस्त करायचा राहिला. त्याने ते पाहिलं असावं. शुक्रवारी मी गेले तर फॉर्म ओट्यावर होता, सही केलेला. पण 'निराधार' या शब्दाबद्दल त्याचं म्हणणं मला खोडता आलेलं नाही. महाराष्ट्रात २०२२ला दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग झाला. त्या विभागातल्या कुणापर्यंत हे पोचलं तर या शब्दाचाही विचार व्हावा. सही करणाऱ्याचं मन त्या शब्दावर अडतं.

फाईल तहसीलमध्ये जमा आहे, पोच मिळालीय. तालुका समितीची बैठक झाली की कळेल. मी दर सोमवारी जेवणाच्या सुट्टीत जाऊन विचारून येते.

त्या पेन्सिलीच्या ओळीनंतर मोरीच्या खिडकीत आम्ही आप्पांचा जुना रेडिओ ठेवलाय. वायर धाकट्यानेच तपासली, मग म्हणाला, ओल्या जागी वीज नको, सेलवर चालवू. आकाशवाणी मोठ्याने लावलं की पाण्याचा आवाज त्यात बुडतो. रोज होते असं नाही. गेल्या महिन्यात चौदा वेळा झाली. सेल उतरले की आवाज बारीक होतो आणि मग तो तांब्या खाली ठेवतो, म्हणून महिन्याच्या सामानाच्या यादीत तेलाच्या खाली मी आता सेलचे दोन जोड लिहिते.